लँकेस्टरचा खरा आवाज कोणता?



दिग्दर्शक व्हिस्कोंतीच्या ‘द लेपर्ड’ (१९६३) या चित्रपटावर आधी आलेल्या पत्रात लेखकाने क्रायटेरियन कंपनीच्या २००४ च्या तीन डीव्हीडींच्या संचातली शेवटची, अमेरिकी आवृत्तीची तबकडी ‘निव्वळ भरताड’ ठरवून टाकली आहे. हे काही पटले नाही. १८५ मिनिटांची इटालियन आवृत्तीच अस्सल, याबद्दल वाद नाही. १६१ मिनिटांच्या अमेरिकी आवृत्तीत रंग फिके पडले, काटछाटही झाली. खुद्द व्हिस्कोंतीने ती नाकारली होती. पण इटालियन आवृत्तीत नायक प्रिन्स सालिना साकारणाऱ्या बर्ट लँकेस्टरच्या तोंडी दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आहे! प्रिन्स सालिना लँकेस्टरच्याच आवाजात ऐकायचा, तर ती ‘भरताड’ तबकडीच लावावी लागते. बाकीचे बहुतेक नट तिथे डब केलेले आहेत आणि ते कानाला खटकतात, हे कबूल.

चित्राच्या दर्जाच्या बाबतीत मात्र पत्रलेखकाशी मी सहमत आहे. छायालेखक जुझेप्पे रोतुन्नो यांच्या देखरेखीखाली तयार झालेली डीव्हीडी चांगलीच. पण शेवटच्या, पाऊण तासाच्या नृत्यसमारंभातले घामेजलेले चेहरे आणि मेणबत्त्यांचा उजेड पाहायला ब्लू-रेच हवी. टेक्निरामा या रुंदपडदा तंत्राची ती रुंद चौकट लहान पडद्यावर आधीच आक्रसते.

तरीही माझी डीव्हीडी मी विकणार नाही.

– एक वाचक, सातारा