हक्काची जागा कुणाची?

शेतकरी मंडळी, ‘ही जागा आपलीच’ असे पुढारी म्हणू लागला की समजावे, आता आपल्याला कोणी विचारत नाही. भंडारा-गोंदियाचेच बघा.

२०१४ साली भाजपच्या नाना पटोले यांनी तिथे प्रफुल्ल पटेलांना सुमारे दीड लाख मतांनी पाडले. जागा पक्की झाली, असे सगळे धरून चालले. पण २०१७ च्या खरिपात धानावर तुडतुडा पडला. त्याच डिसेंबरात शेतकऱ्यांच्या प्रश्नावरून सरकारशी बिनसले आणि पटोलेंनी खासदारकी सोडली.

मुदत वर्षभर तरी उरली असेल, तर रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी लागते. म्हणून २८ मे २०१८ ला भर उन्हात मतदान झाले. यंत्रे बिघडली, ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. २०१४ पेक्षा मतदान बरेच घटले. राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे ४८ हजारांवर मतांनी निवडून आले.

त्यांना मिळाले जेमतेम एक वर्ष. २०१९ ला जागा पुन्हा भाजपकडे, २०२४ ला काँग्रेसकडे. चार निवडणुका, चारही वेळा पक्ष बदलला!

तेव्हा पोटनिवडणूक आली की ‘एका वर्षात काय व्हायचंय’ म्हणून घरी बसू नका. त्या महिन्यात मंत्रीसुद्धा पारावर येऊन बसतात. धानाचा भाव, नुकसानभरपाई यांचा ठराव ग्रामसभेत करून त्यांच्या हाती द्या. सरपंच, ग्रामसेवकांनी केंद्रावर सावली-पाण्याची सोय बघावी. कमी मतदानात एकेक मत जड असते.