तियानजिन दाखवायचं तर पूर्ण दाखवा

वाढवण बंदराबद्दल कुणी साधी शंका काढली तरी कॉमेंटमध्ये एक उत्तर ठरलेलं असतं. "चीनकडे बघा! तियानजिनला चिखलात बंदर उभं केलं. आज वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने वर्षाला 2 कोटींच्या वर माल हाताळतात. आणि आपण बसलोय मासे मोजत!"

ठीक आहे, बघूया चीनकडे. पण नुसते क्रेनचे फोटो नकोत, नकाशाही उघडूया.

तियानजिन आहे बोहाई समुद्राच्या पश्चिम टोकाला. हा समुद्र तीन बाजूंनी जमिनीने वेढलेला आणि उथळ, सरासरी खोली जेमतेम 18 मीटर. 1855 मध्ये पीत नदीने पात्र बदललं आणि तिचा गाळ याच समुद्रात येऊ लागला. शहरातून वाहणारी हाय नदी आपला गाळ आणते तो वेगळाच. किनारा इतका सपाट की ओहोटीला काही किलोमीटर चिखल उघडा पडतो. हिवाळ्यात किनाऱ्यालगत पाणी गोठतं. शहराच्या आसपास, आजच्या किनाऱ्यापासून कितीतरी आत, शिंपल्यांचे लांबच लांब बांध सापडतात. ते जुने किनारे. म्हणजे गाळ भरत गेला आणि समुद्र मागे हटत गेला. आपल्याकडच्या कुठल्याही तांडेलाला विचारा, अशा जागी मोठं जहाज आणशील का म्हणून.

मग बंदर तिथेच का? कारण बीजिंग. राजधानीला समुद्र नाही आणि तिचं सर्वात जवळचं मोठं दार हेच. 1860 मध्ये परकीयांनी तियानजिन व्यापारासाठी उघडायला लावलं, तेव्हाही हाय नदीच्या मुखाशी गाळाचा उंचवटा आडवा होता. मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकायची आणि माल छोट्या होड्यांनी आत जायचा. पुढे जपानी ताब्याच्या काळात समुद्रात भिंती घालून कृत्रिम बंदराचं काम सुरू झालं आणि 17 ऑक्टोबर 1952 ला चीन सरकारने ते पुन्हा उघडलं. 1958 मध्ये नदीच्या मुखावर दरवाजे बसवले. गोडं पाणी अडलं, पण दरवाजांच्या खाली गाळ साचायला लागला. आज मोठी जहाजं आत येतात ती समुद्रात खणलेल्या लांबलचक खोल वाटेने, आणि ती वाट सतत उपसावी लागते. चिखलात बंदर म्हणजे न संपणारा हप्ता. हे फोटोत दिसत नाही.

आता किनाऱ्याचं. बोहाईच्या या चिखलात सैबेरियाकडे जाणारे हजारो पक्षी पोट भरायला उतरतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडहून निघालेला रेड नॉट त्यातलाच. भराव घालत गेले तसा तो चिखल आटत गेला. 2018 मध्ये शेवटी चीनच्याच केंद्र सरकारने नव्या भरावांवर बंदी घातली, फक्त राष्ट्रीय महत्त्वाचे प्रकल्प वगळून. जुलै 2024 मध्ये तियानजिनच्या दक्षिणेला लागून असलेल्या त्सांगचौमधली पाणथळ जागा जागतिक वारसा यादीत गेली. तो निर्णय झाला कुठे? आपल्या नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत. आणि महिनाभरात, 30 ऑगस्टला, पालघरमध्ये वाढवणचं भूमिपूजन!

आणि 12 ऑगस्ट 2015 विसरायचं का? तियानजिन बंदरातल्या घातक रसायनांच्या गोदामात स्फोट झाले. मृत आणि बेपत्ता मिळून 173 माणसं, त्यात बहुतांश आग विझवायला गेलेले. लोकवस्ती एक किलोमीटरच्या आत होती. नियमाने ती त्याहून लांब हवी होती.

आता कुणी म्हणेल, वाढवण वेगळं आहे. बरोबर आहे! आपला किनारा खडकाळ, किनाऱ्याजवळच 20 मीटरची नैसर्गिक खोली, म्हणून तर ही जागा निवडली. पण मग तियानजिनचं उदाहरण देताच कशाला? तिथल्या चिखलावरून आपल्या खडकाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आपल्याकडे त्याच खडकांच्या आडोशाला शेवंड मिळते. तिथेच 1,448 हेक्टरचा भराव येणार, तोही 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर असलेल्या डहाणू तालुक्यात.

तियानजिनकडून घेण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे त्यांनी भरलेलं बिल. म्हणून माझं मागणं साधं आहे. भरावानंतर शेजारच्या गावांचा किनारा किती खचेल, गाळ कुठे जाऊन बसेल, घातक माल कुठे ठेवणार आणि तिथून पहिलं घर किती मीटरवर, हे मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. बिनइंग्रजीच्या माणसालाही वाचता आलं पाहिजे.

तोवर "चीनकडे बघा" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा, आम्ही बघितलं. आता तुम्ही उत्तर द्या.