चौसष्ट टक्क्यांवर अडलेली रात्र

शनिवार, २७ सप्टेंबर २०२५. रात्रीचे साडेबारा. समोरच्या मैदानातला गरबा संपलाय आणि घागऱ्यातल्या पोरी रिक्षा शोधत उभ्या आहेत. आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये मात्र वेगळाच खेळ रंगलाय. नव्याकोऱ्या कॉम्प्युटरसमोर मी, माझ्या मागे खुर्ची टाकून बाबा. काळ्या स्क्रीनवर एक चक्र फिरतंय, बाजूला आकडा : ६४ टक्के. वीस मिनिटं झाली, चौसष्टचे पासष्ट काही होत नाहीत.

"अडलंय का गं?"

"नाही बाबा, काम चालू आहे."

"मग आकडा का हलत नाही?"

ऑफिसात बॉसला मी असल्या प्रश्नावर सहज गुंडाळते. बाबांना नाही जमत. ते ३२ वर्षं बँकेत होते.

आता ही वेळ का आली ते सांगते. आमचा जुना डबा २०१४ चा. प्रोसेसर चौथ्या पिढीतला. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे जाहीर झालेलं होतं. आणि विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा, टीपीएम २.० हवं, सिक्युअर बूट हवं. म्हणजे आमच्या म्हाताऱ्याला प्रवेश बंद. मग काय, मी ठरवलं, नवा पीसी स्वतः असेंबल करायचा! लॅमिंग्टन रोडला दोन शनिवार घालवले, घासाघीस केली, बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट सगळं पोत्यासारखं लोकलमधून आणलं. जुन्या मशीनमधली एसएसडी मात्र तीच ठेवली. तिच्यावर बाबांचं सगळं होतं ना.

'सगळं' म्हणजे काय? तर सोसायटीचे हिशेब. बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि आमची होती रविवारी, २८ तारखेला सकाळी दहाला. म्हणजे साडेनऊ तासांवर! त्यात ए विंगमधल्या एका काकांनी महिनाभर लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्याकडे एकच पालुपद लावलेलं : "गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे १८,४०० रुपये नेमके गेले कुठे?" पावत्या होत्या हो! पण जुलैच्या पावसात तळमजल्यावरच्या सोसायटी ऑफिसात पाणी शिरलं आणि फाइलचा लगदा झाला. वॉटरप्रूफिंगच्याच पावत्या भिजाव्यात, हा विनोद बाबांना अजून पचलेला नाही. वाचलं होतं ते फक्त स्कॅन. त्या एसएसडीवर. एकुलतं एक.

"बॅकअप आहे ना?" हा प्रश्न तुम्ही विचारणार हे माहितेय मला. मे महिन्यात बाबांनी पेनड्राइव्ह हातात दिला होता. मी म्हणाले होते, "नवीन मशीन आलं की एकदमच करते." तो पेनड्राइव्ह अजून माझ्या पर्समध्ये आहे, लिपस्टिकच्या शेजारी.

संध्याकाळपर्यंत मात्र सगळं मस्त चाललं होतं. पहिला फटका बसला तो असा की नवा बोर्ड एसएसडी ओळखायलाच तयार नाही. कारण साधं होतं. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने मांडलेली, आणि नव्या बोर्डाला हवी जीपीटी. बायोसमध्ये जाऊन सीएसएम नावाची जुन्या काळची सोय चालू केली, विंडोज १० उघडलं. पण मग पीसी हेल्थ चेक म्हणतं, तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालणार नाही. कालच घेतलाय बाबा! तर गोम तीच. सीएसएम चालू असेल तर सिक्युअर बूट नाही, आणि सिक्युअर बूट नाही तर विंडोज ११ नाही. त्यावर इलाज विंडोजमध्येच आहे. एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल डिस्कवरचं काही न पुसता मांडणी बदलतं. ते चालवलं, सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू. हिरव्या टिका! मी बाबांना टाळी दिली.

आणि अपग्रेड सुरू केलं. रात्री दहाला. सभेच्या आदल्या रात्री. बॅकअप न घेता. आता लिहिताना माझंच मला आश्चर्य वाटतंय.

पहिल्यांदा ६४ टक्क्यांवर मशीन रीस्टार्ट झालं, 'बदल मागे घेतो आहोत' असं म्हणालं आणि विंडोज १० वर परत आलं. वर एक कोड दिला, ० एक्स सी १९००१०१. हा कोड आला की बहुतेक वेळा एखाद्या ड्रायव्हरचा घोळ असतो. म्हणून मी प्रिंटर काढला, वेबकॅम काढला, अँटिव्हायरस उडवला, सगळे ड्रायव्हर नवे टाकले. आणि दुसऱ्यांदा सुरू केलं. तेच ते चौसष्ट, जिथून आपली गोष्ट सुरू झाली. या वेळी मात्र ते मागेही आलं नाही. रिपेअर करतोय, रीस्टार्ट, रिपेअर करतोय, रीस्टार्ट... गोल गोल. पाऊण वाजला होता. माझ्या पोटात खड्डा पडला.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "उद्या मी काय सांगू त्यांना?"

मी गप्प.

पाचेक मिनिटांनी तेच म्हणाले, "बँकेत हिशेब जुळला नाही की आम्ही काय करायचो माहितेय? शेवटचा जुळलेला ताळा कधीचा, तिथपर्यंत मागे जायचं. मग एकेक नोंद पुढे. तुझं शेवटचं कधी जुळलं होतं?"

"जुन्या डब्यात."

"मग तिथे लाव की परत!"

सॉलिड! मी इंटरनेटवर तीन तास शोधत होते आणि उत्तर खुर्चीत बसलेलं होतं. एसएसडी काढली, जुन्या मशीनला लावली. डिस्क आता जीपीटी झालेली, पण त्या बोर्डातही यूईएफआय होतंच, मी कधी वापरलं नव्हतं इतकंच. तो चालू केला. पंखा घरघरला. 'बदल मागे घेतो आहोत.' दहा मिनिटं, वीस मिनिटं. आईने न विचारता चहा ठेवला. आणि दोन वाजता विंडोज १० उघडलं, गणपतीच्या वॉलपेपरसकट!

सगळ्यात आधी काय केलं असेल? पर्समधला पेनड्राइव्ह. हिशेब, स्कॅन, सगळं त्यावर. मग बाबांनी एकेक पावती उघडून आकडे वहीशी ताडून पाहिले. सगळ्या शाबूत.

आता निदान सोपं झालं. तीच डिस्क, तेच विंडोज, जुन्या डब्यात चालतं आणि नव्यात नाही. म्हणजे दोष नव्या डब्यात. बाबांच्या पद्धतीने मी यादी केली : नवीन काय काय लावलं? बोर्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय, रॅम. आणि रॅमवर माझा पेन थांबला. पैसे वाचवायला मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या दोन दुकानांतून घेतल्या होत्या. पाकिटावर ३६०० चा वेग छापलेला. पण ती रॅम नुसती लावली तर त्यापेक्षा बऱ्याच कमी वेगाने चालते. पाकिटावरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. मी ते पहिल्याच दिवशी ऐटीत केलं होतं. जोडीने न आलेल्या पट्ट्या त्या वेगाला एकमेकींशी जुळवून घेतीलच याची खात्री नसते. आपल्याकडच्या जॉइंट फॅमिलीसारखंच!

जुन्या मशीनवर मेमटेस्ट८६ चा दुसरा पेनड्राइव्ह तयार केला. नव्यात लावला. चार मिनिटांत स्क्रीनवर लाल ओळींचा पाऊस. एक्सएमपी बंद केलं, पुन्हा टेस्ट. तासभर पाहिलं, एकही लाल ओळ नाही. रीतसर तपासणीला याहून जास्त वेळ द्यायला हवा, पण घड्याळ सव्वाचार दाखवत होतं.

तुम्ही म्हणाल, मग दिवसभर मशीन ठीक कसं चाललं? कारण गाणी ऐकताना, एक्सेल उघडताना एखादा बिट इकडचा तिकडे झाला तर बहुधा कळतही नाही. अपग्रेडमध्ये मात्र कितीतरी जीबीच्या दाबून भरलेल्या फाइल्स रॅममधून सुटतात, तपासल्या जातात, लिहिल्या जातात. तिथे एक चूकही खपत नाही. आणि भीती वेगळीच आहे : बिघडलेल्या रॅममधून डिस्कवर चुकीचं लिहिलं गेलं तर चांगली फाइलही कायमची खराब होऊ शकते. आम्ही वाचलो ते नशिबाने.

साडेचारला तिसऱ्यांदा अपग्रेड लावलं. ६२, ६३, ६४... मी डोळे मिटले. बाबा म्हणाले, "पासष्ट." पुढचं ते क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं मोजत होते. पावणेसहाला विंडोज ११ समोर होतं. प्रिंटर परत जोडला आणि पावत्यांच्या कॉप्या काढल्या.

सभेत काय झालं? काकांनी विचारलं, बाबांनी कागद पुढे केला. काकांनी चष्मा काढून दोनदा वाचला आणि म्हणाले, "बरं, पार्किंगचं काय?" संपलं! ज्यासाठी घरात एक रात्र कोणी झोपलं नाही, ते दीड मिनिटात आटोपलं.

तर दोस्तांनो, नवा पीसी जोडताय? आधी रॅम तपासा, मग विंडोज. पट्ट्या जोडीनेच घ्या. एका वेळी एकच बदल करा. डिस्कवर बिटलॉकर असेल तर बायोसला हात लावण्याआधी त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. अपग्रेड आवडलं नाही तर सहसा १० दिवसांत मागे जाता येतं, त्यामुळे विंडोज.ओल्ड नावाचं फोल्डर जागा करायच्या नादात उडवू नका. आणि बॅकअपचा ३-२-१ चा फंडा : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

आमच्याकडे हे खातं आता बाबांनी घेतलंय. दर शनिवारी ते पेनड्राइव्हवर कॉपी करतात आणि वहीत तारीख टाकून सही करतात. खाली 'तपासले' अशी एक रिकामी ओळ असते. तिथे सही माझी.

जुना डबा? तो भंगारवाल्याला द्यायचा विषय मी एकदा काढला होता. बाबांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "तो राहील. शेवटचा जुळलेला ताळा आहे तो."