आधी घर झाका, मग पंचनामा करा

वादळ येणार म्हटलं की सूचनांची एक यादी मोबाईलवर फिरायला लागते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या यादीचाच तो मराठी अवतार. काचेच्या खिडक्यांना फळ्या ठोका, बाहेरच्या दारांना भक्कम आधार द्या, आणि फळ्या नसतील तर निदान काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवा. सूचना बरोबर आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण फळी आणायची कुठून? ठोकणार कोण? आणि एवढं करूनही खिडकी गेलीच, तर त्या रात्री ते भगदाड कशानं बुजवायचं? मी पाहिलेल्या कुठल्याही यादीत याबद्दल एक अक्षर नव्हतं. यादी वादळापाशी संपते. घराचे खरे हाल तिथून पुढे सुरू होतात.

आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावरचं, त्यामुळे मी 'निसर्ग'बद्दलच बोलणार. ३ जून २०२० ला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा, रेवदंडा, चौल, नागाव… कुठल्या गावाचं नाव घ्यायचं आणि कुठलं सोडायचं? नारळी-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, काही गावांत कित्येक आठवडे वीज आली नाही. हे सगळं पेपरात आलं, टीव्हीवर दिसलं, आणि यायलाच हवं होतं. बागांसाठी हेक्टरी १८ हजारांची मदत ५० हजार झाली. पूर्ण पडलेल्या घरासाठी ९५ हजार १०० रुपयांऐवजी दीड लाख झाले. त्याबद्दल सरकारला नावं ठेवायचं मला कारण नाही.

पण जी घरं पडली नाहीत त्यांचं काय? भिंती उभ्या आहेत, वाशांचा सांगाडा उभा आहे, फक्त पश्चिमेच्या दोन खिडक्या चौकटीसकट गेल्यात, मागचं दार बिजागरीतून निखळलंय आणि चाळीसेक कौलं उडालीत. किनाऱ्यावर अशीच घरं जास्त होती. कागदोपत्री हे 'अंशतः नुकसान'. केंद्राच्या निकषांत त्यासाठी किमान १५ टक्के नुकसान व्हावं लागतं. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांप्रमाणे अशा पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्याला ४,००० रुपये. आता मला कुणीतरी सांगा, दोन खिडक्या आणि एक दार म्हणजे घराचे किती टक्के? पाऊस टक्के बघून आत येत नाही हो. त्याला एक खिडकी पुरते.

आणि पाऊस काही लांब नव्हता. ११ जून २०२० ला मान्सून हर्णैपर्यंत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. म्हणजे वादळ आणि मान्सून यांच्यामध्ये मोजून आठ दिवस! त्या आठ दिवसांत जे घर झाकलं गेलं ते वाचलं. जे नाही गेलं, त्याच्या भिंतींना ओल धरली, माळ्यावरचं लाकूड फुगलं, वर्षाचं भात भिजलं, गाद्या कुजल्या, ट्रंकेतला सातबारा आणि रेशनकार्ड यांचा लगदा झाला. हे नुकसान वादळानं केलं असं म्हणायची आपल्याला सवय आहे. माझं म्हणणं असं की यातलं बरंचसं उशिरानं केलं.

आता उशीर का झाला, ते सांगतो. माझी आत्या तेव्हा बहात्तर वर्षांची, घरात एकटी. फोन लागायलाच आम्हाला चार दिवस गेले. लागला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "आत्ये, खिडक्यांना काय लावलंस?" ती म्हणाली, "काही नाही रे. पंचनामा व्हायचाय. त्याआधी हात लावला तर पैसे मिळणार नाहीत म्हणतात." म्हणतात! कोण म्हणतं, ते तिलाही माहीत नव्हतं आणि पुढे मलाही कळलं नाही. लेखी आदेश कुणी पाहिला नव्हता. पण आळीतली सहा-सात घरं तशीच उघडी ठेवून माणसं साहेबांची वाट बघत बसली होती. साहेब आले नवव्या दिवशी. त्यांना तरी काय बोल लावणार? एका तलाठ्याकडे सजातली चार-पाच गावं, रस्त्यावर झाडं आडवी, फोन बंद, वर करोना. पण नवव्या दिवशी ते खिडकीचं भगदाड बघून गेले आणि खाली फुगलेलं भाताचं पिंप मात्र त्यांच्या कागदात बसलं नाही.

गंमत बघा, 'पंचनामा' या शब्दातच उत्तर आहे. पंचांनी पाहिलं, पंचांनी लिहिलं, तो पंचनामा. पंच म्हणजे गावातलीच चार शहाणी माणसं. मग संध्याकाळी वारा पडल्यावर शेजारच्या दोघांनी येऊन बघावं, मोबाईलवर तारीख-वेळेसह फोटो काढावेत, ग्रामपंचायतीच्या वहीत चार ओळी लिहून सह्या कराव्यात आणि मग सगळ्यांनी मिळून ताडपत्री ठोकावी, यात अशक्य काय आहे? सरकारनं फक्त एवढंच एकदा लेखी, मोठ्या अक्षरात, वादळाच्या आधी सांगायचं, की घर झाकल्यामुळे कुणाचीही मदत कापली जाणार नाही. एका ओळीचं काम आहे. खर्च शून्य.

आता तुम्ही म्हणाल, खोटे दावे होतील. होतील की! आज होत नाहीत का? ज्याला खोटंच करायचंय त्याला नऊ दिवसांची मुदत जास्त सोयीची, की त्याच संध्याकाळचा फोटो? आणि चार लबाड पकडण्यासाठी चाळीस घरं पावसात उघडी ठेवायची, हा हिशेब मला तरी जमत नाही.

दुसरा मुद्दा सामानाचा. वादळानंतर आमच्याकडे ताडपत्री, पत्रे, खिळे, प्लायवूड यांना सोन्याचा भाव आला. जवळच्या बाजारातल्या एका दुकानदारानं (नाव घेत नाही, त्याला कळेल) ताडपत्रीचे दुप्पट पैसे लावले आणि वर 'घ्यायची तर घ्या' हे ऐकवलं. शेवटी लोकांनी काय लावलं असेल? फ्लेक्सचे बॅनर! कुणाच्या खिडकीत वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाच्या मागच्या दाराला भावी आमदार. हसू येतं, पण तेवढ्या दिवसांत नेत्यांचा एवढा थेट उपयोग दुसरा कुठला झाला नसावा.

ओडिशाकडे बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळानं त्यांना जो धडा दिला तो ते विसरले नाहीत. मे २०१९ मध्ये 'फनी' आलं तेव्हा सर्वांत जास्त झोडपलेल्या भागातल्या कुटुंबांना तांदूळ आणि रोख पैशांबरोबर पॉलिथिनची शीटही मदतीचा भाग म्हणून दिली गेली. म्हणजे छप्पर झाकणं हे पोट भरण्याइतकंच तातडीचं, हे तिथल्या सरकारला कळलं होतं. अमेरिकेत १९९२ च्या 'अँड्र्यू'नंतर दक्षिण फ्लोरिडात घरबांधणीचे नियमच बदलले. काच तरी धडक सोसणारी हवी, नाहीतर बाहेरून झडपा तरी हव्यात. तिथे फुटलेल्या दारं-खिडक्यांवर रात्री-अपरात्री येऊन फळ्या ठोकून देणं हा रीतसर धंदा आहे. आपल्याकडे तो धंदा असावा असं मी म्हणत नाही. पण ते काम आहे, आणि ते कुणाचं तरी आहे, एवढं तरी मान्य करा.

खिडकी एवढी महत्त्वाची का, याचं उत्तर इंजिनियर मंडळी नीट देतील. मला समजलं ते असं. घर बंद असतं तोवर वारा बाहेरून ढकलतो आणि छपराला वरून ओढतो. वाऱ्याकडची खिडकी फुटली की तो आत शिरतो आणि आतून छपराला वर ढकलायला लागतो. वरून ओढ, खालून रेटा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५, भाग ३. त्यात भिंतीतली उघडी जागा ५ टक्क्यांपर्यंत असेल तर आतल्या दाबाचा गुणांक ०.२ धरतात. उघडी जागा २० टक्क्यांच्या वर गेली की तोच ०.७. साडेतीनपट! म्हणजे पत्रा उडाला म्हणून आपण पत्र्याच्या हुकांना शिव्या देतो, तेव्हा चोर कधी कधी खालच्या खिडकीतून आलेला असतो.

आणि इथे मला आपल्याच लोकांशी भांडायचंय. जुन्या घरांच्या खिडक्या आठवा. जाड सागाच्या नाहीतर फणसाच्या दोन झडपा, आत लोखंडी गज, आडवा अडसर. दिसायला काळोखी, मान्य. मे महिन्यात घर शाकारून व्हायचं आणि पावसाच्या बाजूला पडवीला झावळ्यांचे झाप बांधले जायचे. घर झाकणं हे पंचांगातल्या सणासारखं ठरलेलं काम होतं. मग पर्यटक आले, होमस्टे आले, आणि प्रत्येकाला 'सी व्ह्यू' हवा झाला. समुद्राकडे तोंड करून अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या लागल्या. त्यांना बाहेरून झडप नाही, फळी अडकवायला खाच नाही, साधा हुक नाही. काच लावा, कोण नको म्हणतंय! पण चौकट बसवतानाच बाहेरून चार बोल्ट ठेवायला गवंड्याला सांगितलं, तर वादळाच्या आदल्या दिवशी मापात कापलेला प्लाय पाच मिनिटांत बसेल. त्या प्लायवर खिडकीचा नंबर घाला आणि तो माळ्यावर ठेवून द्या.

आणखी एक गोष्ट आम्हा मुंबई-ठाण्याच्या मंडळींसाठी. गावातली निम्मी घरं आपली आहेत आणि कुलपात आहेत. जून २०२० मध्ये जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता. किती जणांना आपल्या घराची खिडकी गेल्याचं कळलं ते थेट गणपतीला, म्हणजे २२ ऑगस्टच्या सुमाराला! अडीच महिने, तेही कोकणातल्या पावसाळ्यातले. शेजारी बाहेरून भगदाड बघत होते, पण किल्ली नाही आणि 'परक्याच्या घराला हात कसा लावायचा' हा संकोच. भावकीतले वाद बाजूला ठेवा, पण एक किल्ली शेजारी ठेवा. आणि 'गरज पडली तर आमचं घर झाका, खर्च आम्ही देऊ' असं चार ओळींचं पत्रही ठेवा.

'पण कोकणात वादळं येतात कधी?' हे वाक्य आता तरी बंद व्हावं. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान', जून २०२० मध्ये 'निसर्ग', मे २०२१ मध्ये 'तौक्ते'. तौक्ते जमिनीवर आलं गुजरातेत, पण जाता जाता आपली छपरं उचकटून गेलं. कित्येकांची ती वर्षभरापूर्वीच बसवलेली होती. राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पातून निवारे आणि जमिनीखालच्या वीजवाहिन्या यांची कामं हाती घेतली गेली. छान आहे. माणूस निवाऱ्यात सुरक्षित, वीज जमिनीखाली सुरक्षित. पण दुसऱ्या दिवशी माणूस निवाऱ्यातून ज्या घरात परत जाणार, त्याच्या उघड्या खिडकीचा वाली कोण?

माझी मागणी फार मोठी नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत एका खोलीत ताडपत्र्या, प्लायचे तुकडे, दोर, खिळे, दोन शिड्या, दोन करवती. गावातल्या सुतारांची आणि छपरावर चढू शकणाऱ्या पोरांची नावं भिंतीवर. एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं आधी, मग कुलपातली, मग बाकीची. पहिल्या दोन दिवसांत गाव झाकून झालं पाहिजे. पंचनाम्याचे साहेब नंतर सावकाश येऊ देत, त्यांना चहा देऊ.

हे वाचणाऱ्यांत आमच्या गावचे निदान दहाजण आहेत, मला माहीत आहे. मे महिन्यात ग्रामसभेला जे जाणार असतील त्यांनी हा विषय लेखी द्या. मसुदा मी करून ठेवलाय, फोन करा, पाठवतो. आणि ज्यांना यातलं काही पटलं नसेल त्यांनीही जरूर लिहा. फक्त वाद घालण्याआधी आपापल्या घराच्या पश्चिमेच्या खिडक्यांची मापं घेऊन या.