थ्री नॉट थ्री गेल्या कुठे?

पोलीस परेड पाहत वाढलेल्या बुलढाण्यातल्या माझ्या पिढीला थ्री नॉट थ्री रायफल चांगली ओळखीची आहे. लाकडी दस्ता, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात एके-४७ समोर रेल्वे पोलिसांच्या हाती हीच होती. तिला निवृत्त करा, ही मागणी त्यानंतर जोरात झाली आणि ती योग्यच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला जाहीर निरोपही दिला. निरोपाच्या बातम्या आल्या. त्यानंतर बंदुकीचं काय होतं, याची बातमी येत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे डेटाबेसमधली एक ओळ काढली तरी ती कुणी, कधी, कुणाच्या परवानगीने काढली याची नोंद राहावी असा आग्रह असतो. रायफलीवर तर क्रमांकच कोरलेला असतो. आलेल्या, वापरातल्या, जमा केलेल्या आणि नष्ट केलेल्या यांची बेरीज जुळली पाहिजे, एवढंच. म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एक, शब्द दीडशेच्या आत. शस्त्रागार कुठे, पहारा किती, यातलं काहीही विचारलं नाही. फक्त वर्षनिहाय संख्या आणि निर्लेखनाच्या आदेशाचा क्रमांक व दिनांक.

अब्बांनी अर्ज दोनदा वाचला. "रस्त्याचं विचार, रेशनचं विचार. आपल्या नावाने बंदुकांचं कशाला?" त्यांची भीती खोटी नाही, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात ती आहे. पण नावामुळे नागरिकाने कोणते प्रश्न विचारायचे हे ठरत असेल, तर तो कायदा माझ्यासाठी अर्धाच उरतो.

एका कार्यालयाने अर्ज दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने सुरक्षेचं कारण देऊन कलम ८ खाली नकार दिला. त्याच कायद्याचं कलम १० सांगतं की गोपनीय भाग वगळून उरलेली माहिती द्यावी. संख्येत कसलं गुपित?

फेब्रुवारी २०२० मध्ये कॅगने केरळ पोलिसांच्या तिरुवनंतपुरमच्या बटालियनमध्ये २५ इन्सास रायफली आणि १२,०६१ काडतुसं कमी असल्याचं नोंदवलं. केवढा गहजब झाला! नंतर गुन्हे शाखेने रायफलींची मोजणी केली आणि त्या गहाळ नसल्याचं सांगितलं. रायफलींबाबत घोळ नोंदींचा होता. म्हणजे चांगल्या नोंदी पोलिसांनाच वाचवतात. उलट उदाहरण जबलपूरचं. २०१८ मध्ये तिथल्या लष्करी शस्त्रभांडारातल्या एके-४७ बिहारमधल्या मुंगेरला विकल्याच्या आरोपाखाली भांडाराचा निवृत्त आरमोरर पकडला गेला. वापरातून काढलेल्या बंदुकांच्या साठ्याकडे कमी डोळे लागलेले असतात, आणि वाट तिथूनच फुटते. आपला जिल्हा सातपुड्याला लागून आहे. देशी कट्ट्यांच्या बातम्यांत पलीकडच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी हे नाव इथल्या वाचकाला नवं नाही.

निर्लेखित शस्त्रांचे आकडे दरवर्षी कलम ४ खाली आपणहून जाहीर करावेत, एवढीच मागणी आहे. कुणाला अर्जच करावा लागू नये.

पहिलं अपील गेल्या आठवड्यात दिलं. तिथे भागलं नाही तर माहिती आयोगाचं अमरावती खंडपीठ आहे. अपिलाला वीस रुपयांचं तिकीट लागतं. ते अब्बांनीच आणून दिलं, काही न बोलता.