पाइप बंद करा, आणि तो जुना फडकाही टाकून द्या

शहरातल्या सगळ्या गाडीमालकांना आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत पाइप लावून गाड्या धुणं थांबवा. पुढच्या महिन्यापासून नको, उद्या सकाळपासूनच.

ज्या पाइपने गाडी धुता, त्याच पाइपने पंधरा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो, ते एकदा घड्याळ लावून पाहा. मिनिटभर लागत असेल, तर दहा मिनिटांत दीडशे लिटर गेले. आपल्याकडे मोठ्या शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे एका माणसाचं पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणीभांडी या सगळ्याचं पाणी बोनेटवरून गटारात गेलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली होती. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांना ५,००० रुपये दंड लावला. तशी वेळ आपल्यावर येईपर्यंत वाट पाहायची का?

‘आमचं बोअरचं पाणी आहे’ असं बरेच जण सांगतात. जमिनीखालचं पाणी कुणा एका सोसायटीचं नसतं. तुमच्या बोअरची पातळी खाली गेली की शेजारच्या वस्तीतली विहीर आटते. शिवाय बोअरचं जड पाणी उन्हात गाडीवर वाळलं की क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि ते सहज निघत नाहीत.

मग गाडी स्वच्छ कशी ठेवायची? बाजारात पाण्याविना गाडी धुण्याचे स्प्रे मिळतात. त्यांनी रंगावर ओरखडे पडतील, ही भीती अनेकांना वाटते. ती निराधार नाही, पण दोष बहुतेक वेळा बाटलीतल्या द्रावणापेक्षा हातातल्या फडक्याचा असतो. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. आपल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते या थरापेक्षा कठीण असतात. कोरड्या फडक्याने पुसलं की तेच कण रंगावर घासले जातात. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या बहुतेक अशाच पुसण्याने पडलेल्या असतात. रोज सकाळी एकच बादली आणि एकच फडका घेऊन दहा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीपर्यंत पोचते.

चांगल्या स्प्रेमध्ये धूळ सोडवणारे घटक असतात आणि फडका घसरता राहावा म्हणून पॉलिमर किंवा मेणासारखे वंगण देणारे घटकही असतात. त्यामुळे धूळ सुटते, तिच्याभोवती बुळबुळीत आवरण येतं आणि कण घासला न जाता फडक्यात उचलला जातो. पण त्यासाठी रीत पाळावीच लागते. गाडी सावलीत हवी, पत्रा गार हवा. एका वेळी एकच भाग घ्यायचा आणि तो भरपूर ओला करायचा. इथे कंजुषी केली की ओरखडे पडणारच. अर्धा-एक मिनिट थांबून जाड, मऊ मायक्रोफायबरने एकाच दिशेने, दाब न देता पुसायचं. दोनदा दुमडून चौपदरी केलेल्या फडक्याला आठ स्वच्छ बाजू मिळतात. बाजू मळली की दुसरी घ्यायची, खाली पडलेला फडका त्या दिवशी पुन्हा वापरायचा नाही. सुरुवात टपापासून करायची आणि चाकांकडचा खालचा भाग शेवटी, वेगळ्या फडक्याने पुसायचा.

रोजच्या धुळीसाठी हे पुरेसं आहे. मात्र चिखलाने माखलेल्या गाडीवर स्प्रे मारून पुसू नका, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. शेतातून किंवा घाटरस्त्याने आलेली गाडी, कोकणात-गोव्यात समुद्रकाठी फिरून आलेली आणि खालून मीठ बसलेली गाडी, यांना पाणी लागतंच. अशी गाडी पाण्याचा पुनर्वापर करणाऱ्या केंद्रात न्या. मध्यम मळलेल्या गाडीसाठी बादलीभर पाण्यात कालवायचं, नंतर धुवावं न लागणारं द्रावणही मिळतं. पक्ष्याची विष्ठा खरवडू नका. ओला फडका काही मिनिटं तिच्यावर ठेवा, मऊ झाली की उचला. ब्रेकच्या डिस्कवर स्प्रे जाऊ देऊ नका, पकड कमी होते. मेण असलेला स्प्रे पुढच्या काचेवर मारला तर रात्री समोरच्या दिव्यांनी काच धुरकट दिसते. आणि रॉकेल-डिझेलने गाडी चमकवायचा जुना प्रकार तर कायमचा बंद करा.

आता ज्याच्याविषयी कुणीच बोलत नाही, त्याच्याबद्दल. हे काम आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी गाडी पुसणारे दादा करतात. तळघरातल्या पार्किंगमध्ये, हवा खेळत नसताना, रोज कित्येक गाड्यांवर स्प्रे मारला तर तो त्यांच्याच नाकातोंडात जाणार. काही स्प्रेंमध्ये पेट्रोलियमचे द्रावक असतात आणि ते पेट घेऊ शकतात. म्हणून बाटलीवरच्या सूचना आधी तुम्ही वाचा आणि दादांना समजेल अशा भाषेत सांगा. द्रावक नसलेला, पाण्यात बनवलेला स्प्रे निवडा. हातमोजे द्या, प्रत्येक गाडीसाठी वेगळे फडके द्या. आणि बादली गेली म्हणून त्यांचा पगार कापू नका. या पद्धतीत मेहनत कमी होत नाही, वेळ उलट जास्तच लागतो.

सोसायटीच्या कमिटीने या आठवड्यातच बैठक घ्यावी. पार्किंगमधल्या नळाला कुलूप लावावं, किल्ली सुरक्षारक्षकाकडे ठेवावी. फडके आणि द्रावण एकत्र विकत घेतलं तर प्रत्येक घरावर थोडाच खर्च येईल. दादांनाही बैठकीला बोलवा आणि त्यांना काय हवं ते आधी विचारा.