पात्याला दिलेलं पाणी

स्वयंपाकघरासाठी सुरी घ्यायची तर दुकानातले चकचकीत संच सोडा आणि रस्त्याकडेच्या लोहारणीकडे जा, असं मी इथे जयपूरच्या मुरलीपुऱ्यात राहायला येणाऱ्या प्रत्येक मराठी घराला सांगते. जयपुरात गाडोलिया लोहारांची पालं जागोजागी दिसतात. १५६८मध्ये अकबराने चितोड घेतलं, तेव्हा गड परत मिळेपर्यंत घर बांधायचं नाही अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असं ते सांगतात. ती शपथ सोडवण्यासाठी एप्रिल १९५५मध्ये पंडित नेहरू त्यांना घेऊन चितोडगडावर गेले. तरीही कितीतरी कुटुंबांचं बिऱ्हाड अजून रस्त्यावरच आहे, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसतो, घण घालते ती बाई. पातं ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून काढलेलं असेल तर डोळे झाकून घ्यावं. त्या पोलादात कार्बन भरपूर असतो. लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की चर्र होतं आणि धार कडक होते; हेच पात्याला दिलेलं पाणी. स्टेनलेस स्टीलमध्ये साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असतं, म्हणून ते सहसा गंजत नाही. पण स्वस्त सुऱ्यांचं स्टील मऊ, चार दिवसांत बोथट. घेताना पातं डोळ्यांसमोर धरून धारेची रेघ सरळ आहे का पाहावं, मूठ हलवून पाहावी. बस्स.

खरं काम पुढे आहे. दगड भिजवून घ्यायचा, पातं त्यावर आडवं टेकवून पाठ जेमतेम उचलायची, पंधरा ते वीस अंश, आणि कोन न बदलता घासत राहायचं. थोड्या वेळाने उलट्या बाजूला बारीकशी कड उमटते. बोट धारेवरून न फिरवता पाठीकडून धारेकडे आणलं की ती खरखरीत लागते. ती मुळापासून टोकापर्यंत लागल्याशिवाय बाजू पालटू नये. दुसऱ्या बाजूनेही तसंच करून शेवटी हलक्या हाताने ती कड काढायची. पिकल्या टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की झालं. कांद्यालाही हीच सुरी हवी. बोथट पातं कांदा चिरडतं आणि डोळ्यांत जास्त पाणी आणतं.

फिरत्या चाकावर धार लावून घेत असाल तर ठिणग्यांकडे नाही, पात्याच्या रंगाकडे बघा. धारेवर निळसर झाक आली की पातं तापलं, लोहारणीने दिलेलं पाणी उतरलं. ओट्याच्या ग्रॅनाइटवर चिरू नका, लाकडी पाट घ्या. लिंबू-टोमॅटो चिरून सुरी तशीच टाकू नका. पातं हळूहळू काळपट पडेल. पडू द्या, तो गंज नव्हे. तांबूस डाग दिसला तर मात्र लगेच घासून काढा.

जयपूरच्या कोरड्या हवेत धुऊन पुसली तरी वर्षातले बरेच महिने भागतं. कोकणातल्या माहेरी पाठवायची असेल तर पावसाळाभर पात्याला खोबरेल तेलाचं बोट लावायला सांगा, आपण विळीला लावतो तसं.